सावलीला रंग असतो

वर्धा जिल्ह्यातील आष्टी हे गाव १९४२च्या ऑगस्ट आंदोलनातील हुतात्म्यांमुळे 'शहीद आष्टी' म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. आष्टी, आर्वी, कारंजा हा सारा पट्टा संत्र्यांचा. आंबिया बहराची फळे दिवाळीच्या मागेपुढे तोडणीला येऊ लागतात आणि डिसेंबरपर्यंत बागांतून केशरी ढीग दिसत राहतात. या दिवसांत आकाश बहुधा निरभ्र असते. अशा एखाद्या सकाळी उन्हात पांढरा कागद पसरावा, त्यावर एक संत्रे ठेवावे आणि त्याची सावली नीट पाहावी. सावलीचा रंग कोणता, असे न पाहता विचारले, तर दहापैकी नऊ जण 'काळा' असे उत्तर देतील. कागदावर मात्र काळा रंग कुठेच नसतो. फळापासून दूर असलेला सावलीचा भाग स्वच्छ निळसर दिसतो. फळाच्या अगदी लगतच्या भागात केशरी झाक असते. आणि या दोहोंच्या सीमेवर एक मंद जांभळट छटा रेंगाळत असते.

हा प्रयोग पोरखेळ वाटण्याजोगा आहे. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये चित्रकलेचे जे मोठे भांडण झाले, त्याचे मूळ याच सावलीत होते. मराठी कलासमीक्षेत ज्याला दृक्‌प्रत्ययवाद म्हणतात, त्या इंप्रेशनिझमची ओळख आपल्याकडे बहुधा 'तुटक फटकाऱ्यांची, धूसर दिसणारी चित्रे' अशी करून दिली जाते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. फटकारे हे साधन होते. खरा बदल झाला तो सावलीविषयीच्या समजुतीत. सावली म्हणजे प्रकाशाचा अभाव नव्हे. सावली म्हणजे दुसऱ्या प्रकारचा, दुसऱ्या रंगाचा प्रकाश, ही ती समजूत. ती पुढे मुंबई, कोल्हापूर आणि इंदूरच्या मराठी चित्रकारांच्या हाती आली, तेव्हा तिला एका अगदी निराळ्या सूर्याला सामोरे जावे लागले.

तपकिरी अंधारातून बाहेर

त्यापूर्वीच्या युरोपीय अकादमीतील चित्रकार चित्रशाळेत काम करीत. उत्तरेकडील उंच खिडकीतून येणारा स्थिर, एकाच दिशेचा प्रकाश हा त्याचा आधार. कापडावर आधी तपकिरी किंवा करड्या रंगाचा अस्तर-थर दिला जाई, त्यावर गडद भाग आणि मग क्रमाक्रमाने उजेडाचे भाग रंगवले जात. वस्तूचा रंग ठरलेला असे. गाल गुलाबी, झाड हिरवे, झगा लाल. सावली हवी असेल तेथे त्या रंगात तपकिरी किंवा काळा मिसळायचा आणि उजेड हवा असेल तेथे सफेदा. या पद्धतीने वस्तूची गोलाई उत्तम साधते, आणि रेम्ब्रांसारख्या चित्रकाराच्या हाती तर तिने अंधारालाच बोलके केले. पण भर दुपारचे अंगण या पद्धतीने रंगवले की ते खोलीतले वाटते, ही तिची मर्यादा होती.

१५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिसच्या बूलव्हार दे कापुसीन या रस्त्यावर, नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत, सुमारे तीस चित्रकारांनी सरकारी प्रदर्शनाला बगल देऊन स्वतःचे प्रदर्शन भरवले. त्यात क्लोद मोने, ओग्युस्त रेन्वार, कामी पिसारो, आल्फ्रेड सिस्ले, बेर्त मोरिसो, एदगार देगा आणि पॉल सेझान होते. (एदुआर माने त्यात नव्हता, तो या गटाबरोबर कधीच प्रदर्शनात उतरला नाही. मोने आणि माने ही आपल्याकडची आडनावे वाटावीत अशी दोन नावे असल्याने मराठी वाचकाची गल्लत होणे स्वाभाविक आहे.) मोनेने ल हाव्र बंदरातील सूर्योदयाच्या चित्राला दिलेल्या नावातील 'इंप्रेशन' हा शब्द उचलून लुई लेरुआ या पत्रकाराने 'शारिवारी' या विनोदी पत्रात सर्वांची खिल्ली उडवली आणि हेटाळणीचा तो शब्दच चळवळीचे नाव झाला. १८८६पर्यंत अशी एकंदर आठ प्रदर्शने भरली.

टीकाकारांना नेमके काय खटकले, हे पाहणे उद्बोधक आहे. १८७६च्या दुसऱ्या प्रदर्शनात रेन्वारने झाडाखाली उभ्या असलेल्या स्त्रीचे चित्र मांडले होते. पानांतून गाळून आलेले ऊन तिच्या अंगावर पडले आहे आणि उन्हाच्या कवडशांच्या मध्ये हिरवट-जांभळ्या सावल्या आहेत. 'फिगारो'च्या आल्बेर व्होल्फला त्या सावल्यांत सडणाऱ्या मांसाचे डाग दिसले. टीका विषयावर नव्हती, रेखाटनावरही फारशी नव्हती. आक्षेप सावलीच्या रंगावर होता. माणसाची कातडी हिरवी किंवा जांभळी असूच शकत नाही, ही टीकाकाराची खात्री होती. कोणत्याही झाडाखाली बसलेल्या माणसाकडे पाहिले तर ती तशी दिसते, हा रेन्वारचा अनुभव होता.

निळे येते कुठून?

सावली निळी का दिसते, याची कारणे दोन आहेत. एक आकाशात आहे आणि दुसरे डोळ्यात.

उघड्यावरच्या वस्तूला दोन दिवे मिळतात. एक सूर्याचा, थेट आणि पिवळसर. दुसरा आकाशाचा, चहूबाजूंनी येणारा, निळा. सूर्याला वस्तूने अडवले की पहिला दिवा विझतो, पण दुसरा चालूच राहतो. सावलीत पडलेल्या कागदावर केवळ आकाशाचे निळे ऊन पडते, असे म्हटले तरी चालेल. आकाश निळे का, याचे गणिती उत्तर जॉन स्ट्रट, म्हणजेच पुढचा लॉर्ड रॅले, याने १८७१ साली प्रसिद्ध केले. हवेतील सूक्ष्म कण लाल किरणांपेक्षा निळे किरण कितीतरी अधिक विखुरतात. तो शोधनिबंध आणि नादारच्या स्टुडिओतील प्रदर्शन यांत जेमतेम तीन वर्षांचे अंतर आहे. चित्रकारांनी तो वाचला होता असे मानण्याचे कारण नाही. मोनेने बर्फावरच्या निळ्या सावल्या 'मॅग्पाय' या चित्रात १८६८-६९ च्या हिवाळ्यातच रंगवल्या होत्या.

दुसरे कारण अधिक गमतीचे आहे. मिशेल यूजीन शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लां या सरकारी गालिचा-कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. काही काळ्या धाग्यांचा रंग फिका पडतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासले तेव्हा रंगात दोष नव्हता. काळ्याच्या शेजारी जो निळा-जांभळा विणला जाई, त्याच्यामुळे काळा मळकट दिसत होता. त्यातून १८३९ साली त्याचा प्रसिद्ध ग्रंथ आला. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतात, हे त्याचे सार. केशरीच्या शेजारचा करडा निळसर भासतो, हिरव्याशेजारचा करडा तांबूस. केशरी व निळा, तांबडा व हिरवा, पिवळा व जांभळा या पूरक जोड्या शेजारी आल्या की दोघांचेही तेज वाढते. कागदावरचे संत्रे आणि त्याची सावली ही अशीच एक आयती जोडी आहे. आकाश सावलीला निळे करते आणि केशरी फळ तिला आणखी निळे भासवते.

चित्रकाराला या नियमाची गरज का पडली, हे समजून घेण्यासाठी एक साधा हिशेब पुरेसा आहे. रंगफलकावरचा सर्वांत पांढरा आणि सर्वांत काळा रंग यांच्या उजळपणात जेमतेम तीस-चाळीस पटींचा फरक असतो. प्रत्यक्ष उन्हातल्या भिंतीत आणि तिच्या दारातील अंधारात तो फरक शेकडो पटींचा होतो. सूर्य तर सोडूनच द्यावा. म्हणजे उजेडाची बरोबरी उजेडाने करणे चित्रकाराला अशक्य आहे. त्याच्या हाती उरतो तो रंग. उन्हाचा भाग पुरेसा पांढरा करता येत नसेल तर तो उबदार करावा, सावली पुरेशी काळी करण्याऐवजी ती थंड करावी, आणि दोहोंच्या झटापटीतून डोळ्याला ऊन 'वाटू' द्यावे.

मोनेच्या त्या सूर्योदयाच्या चित्रात या युक्तीचे टोक दिसते. निळ्या-करड्या धुक्यातले केशरी सूर्यबिंब पाहणाऱ्याला थरथरताना, तळपताना दिसते. पण चित्राचे कृष्णधवल छायाचित्र काढले की सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्गारेट लिव्हिंगस्टन या मेंदुशास्त्रज्ञ महिलेने याचे स्पष्टीकरण दिले आहे. बिंबाचा उजळपणा भोवतालच्या आकाशाइतकाच ठेवलेला आहे. वेगळा आहे तो केवळ रंग. मेंदूचा जो भाग उजेड-अंधारावरून वस्तूची जागा ठरवतो त्याला सूर्य दिसतच नाही. रंग ओळखणाऱ्या भागाला तो ठळक दिसतो. एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही, अशा पेचात सापडलेला सूर्य डोळ्याला स्थिर वाटत नाही. मोनेला मेंदूची ही रचना माहीत नव्हती. त्याला धुक्यातला सूर्य माहीत होता.

नळीतले रंग

हे सारे पाहण्यावर अवलंबून होते, तितकेच बाजारात काय मिळते यावरही. १८४१ साली जॉन रँड या लंडनमध्ये राहणाऱ्या अमेरिकन चित्रकाराने पत्र्याची, दाबता येणारी रंगनळी शोधून काढली. त्याआधी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत; टोचून रंग काढला की उरलेला सुकू लागे. नळीला झाकण आले आणि तैलरंग खांद्यावर टाकून नदीकाठी नेता येऊ लागले. याच शतकात रसायनशाळांनी रंगांची रांगच लावली. कोबाल्ट निळा १८०२ सालचा. अफगाणिस्तानातील लाजवर्द दगडापासून बनणारा, सोन्याच्या मोलाचा अल्ट्रामरीन १८२०च्या दशकात कृत्रिम रीतीने, स्वस्तात बनू लागला. कॅडमियमचा पिवळा, विरिडियन हा गडद पारदर्शक हिरवा, सेरुलियन निळा आणि कोबाल्टचा जांभळा हेही शतकाच्या पूर्वार्धात व मध्यात चित्रकारांच्या हाती आले. त्याआधी जांभळ्या सावलीसाठी लाल आणि निळा मिसळण्यावाचून गत्यंतर नव्हते.

उतारवयात, १९०५ साली, मोनेने आपल्या रंगांची यादी एका पत्रात दिली आहे. शिशाचा सफेदा, कॅडमियमचा पिवळा, हिंगूळ, मंजिष्ठेचा गडद लाल, कोबाल्ट निळा आणि हिरवा, बस्स. काळा आणि मातीचे तपकिरी रंग त्यात नाहीत. लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेल्या त्याच्या १८७७च्या सँ-लाझार रेल्वे स्थानकाच्या चित्राचे रासायनिक परीक्षण झाले आहे. धूर, लोखंडी छत, इंजिन, म्हणजे काळ्याचे जणू माहेरघर. प्रत्यक्षात त्यातील गडद भाग बहुतांशी निळा, हिरवा, तांबडा, जांभळा अशा तेजस्वी रंगांच्या मिश्रणातून उभे केलेले आढळले. काळा वापरायचाच नाही, ही शपथ मात्र सर्वांनी पाळली नाही. रेन्वारला काळा प्रिय होता आणि त्याने तो मनसोक्त वापरला.

तपकिरी अस्तराऐवजी पांढरा किंवा फिका अस्तर-थर, हा तितकाच मोलाचा पण कमी चर्चिलेला बदल. त्यामुळे रंगाच्या आतूनही उजेड परत येतो. मराठी चित्रकारांच्या संदर्भात हा मुद्दा पुन्हा येईल, कारण जलरंगात पांढरा कागद हेच काम करतो.

वेळ हा विषय

प्रकाश हाच विषय झाल्यावर वस्तू दुय्यम ठरते आणि वेळ मुख्य. मोनेने १८९०-९१ मध्ये आपल्या घराजवळच्या शेतातील गवताच्या गंजी सुमारे पंचवीस वेळा रंगवल्या. गंज तीच, सकाळ, दुपार, दव, बर्फ, मावळती हे वेगळे. एकाच वेळी अनेक कापडे घेऊन तो बसे आणि ऊन सरकले की कापड बदली. १८९२ नंतर रूआंच्या कॅथेड्रलचा दर्शनी भाग त्याने तीसहून अधिक वेळा रंगवला. त्यांतील वीस चित्रे १८९५ साली एकत्र मांडली गेली. चर्चचा दगड एका चित्रात निळा, दुसऱ्यात केशरी, तिसऱ्यात राखाडी आहे. मग त्या दगडाचा 'खरा' रंग कोणता? या प्रश्नाला मोनेने उत्तर दिले नाही. त्याने प्रश्नच निरर्थक ठरवला.

या मालिकांकडे पाहताना भूगोल विसरून चालत नाही. पॅरिस सुमारे ४९ अक्षांशावर आहे. तेथे २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून अवघा १८ अंश वर येतो आणि जूनच्या कमाल उंचीलाही ६५ अंशांच्या आसपास थांबतो. आष्टी २१ अक्षांशावर आहे. तेथे डिसेंबरच्या दुपारीसुद्धा सूर्य ४५ अंश चढतो, आणि मेअखेरीस व जुलैच्या मध्यास तो थेट डोक्यावर येऊन माणसाची सावली पायाखाली घालतो. मोनेच्या गंजींच्या लांबच लांब निळ्या सावल्या दिवसभर टिकतात, त्या उत्तरेकडच्या तिरप्या सूर्यामुळे. विदर्भात अशी सावली सकाळी आणि संध्याकाळी थोडा वेळच मिळते. शिवाय मे महिन्यातील आकाश धुळीने पांढुरके झालेले असते. त्यामुळे आकाशाचा दिवा निळा राहत नाही आणि सावलीही विटकी, करडी होते. मातीचा फरक वेगळाच. कोकणातील जांभ्या दगडाची लाल जमीन ऊन परतवते आणि त्याने भिंतींच्या सावल्या खालून तांबूस होतात. विदर्भातील काळी कपाशीची जमीन ऊन गिळते. तिच्यावरील सावली खोल निळी-काळी असते आणि तिला जिवंत ठेवणे हे चित्रकाराचे कठीण काम होऊन बसते. पॅरिसची सावली जशीच्या तशी येथे आणून चालणार नव्हती, ते यामुळेच.

मुंबई, कोल्हापूर, इंदूर

मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय १८५७ साली सुरू झाले. तेथे शिकवले जाई ते ब्रिटिश अकादमीचे, म्हणजे दृक्‌प्रत्ययवाद्यांनी ज्याच्याविरुद्ध बंड केले तेच. प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, छायाप्रकाशाने साधलेली गोलाई, व्यक्तिचित्रण. या शिक्षणाने उत्तम चित्रकार घडवले, हे नाकारता येत नाही. मूळ गोव्याचे आंतोनियो शावियर त्रिंदाद यांना 'पूर्वेचा रेम्ब्रां' म्हणत, यातच त्यांच्या प्रकाशाचा स्वभाव येतो. पणजीच्या फोंतेन्यास भागातील फुन्दासाव ओरियंत या संस्थेत त्यांची चित्रे पाहता येतात.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे 'ग्लो ऑफ होप' हे चित्र याच परंपरेचे शिखर होय. निरांजन हाती घेतलेली, बोटांच्या आडून ज्योत सांभाळणारी ही तरुणी महाराष्ट्रातील असंख्य घरांच्या भिंतींवर छापील रूपात पोहोचली आहे. मूळ चित्र १९४५-४६ च्या सुमाराचे, हळदणकरांच्या कन्येवरून केलेले, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहालयात आहे. ते राजा रविवर्म्याचे असल्याचा गैरसमज अजून पुसला गेलेला नाही. ते तैलरंगात नसून जलरंगात आहे, हे कळल्यावर पाहणारा थक्क होतो, कारण जलरंगात उजेड चढवता येत नाही. कागदाचा पांढरेपणा राखून ठेवावा लागतो. बोटांच्या कडांमधून झिरपणारा तांबूस उजेड अजोड आहे. तरीही हा प्रकाश रेम्ब्रांच्या घराण्यातला. एक दिवा, भोवती अंधार. आकाशाचा दुसरा दिवा त्यात नाही, कारण ती रात्र आहे.

भर दिवसाच्या प्रकाशाचा वेध घेणारे पहिले मोठे मराठी नाव आबालाल रहिमान यांचे. मूळचे कोल्हापूरचे. जे. जे.मध्ये १८८०च्या दशकात शिक्षण झाले, मग कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या दरबाराचा आश्रय मिळाला. मुंबईत त्यांना व्यक्तिचित्रांवर नाव आणि पैसा मिळाला असता. ते कोटितीर्थाच्या काठी राहिले आणि तळे, घाट, झाडी, संधिप्रकाश रंगवीत राहिले. पाण्यावरची थरथर आणि दमट हवेत विरघळणाऱ्या कडा यांमुळे त्यांच्या निसर्गचित्रांची तुलना वारंवार दृक्‌प्रत्ययवाद्यांशी केली गेली. ती तुलना गौरवाची असली तरी सावधपणे घ्यायला हवी. आबालाल यांचा मार्ग अकादमीच्या जलरंगातून निघाला होता. पॅरिसच्या वादविवादांतून नव्हे. वर्षानुवर्षे एकाच तळ्याकाठी बसणाऱ्या माणसाला पाणी जे शिकवते, ते मोनेला सेन नदीने शिकवले आणि आबालाल यांना कोटितीर्थाने. शाहू महाराजांचे निधन १९२२ साली झाले. त्या दुःखात आबालाल यांनी आपली कितीतरी चित्रे पाण्यात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगितले जाते. २८ डिसेंबर १९३१ रोजी ते निवर्तले. त्यांच्या कामाचा फार थोडा भाग आज पाहायला मिळतो, आणि मराठी निसर्गचित्रणाचा इतिहास लिहिताना ती पोकळी सतत जाणवते.

दृक्‌प्रत्ययवाद शिकवण्याची पद्धत म्हणून रुजला तो महाराष्ट्राबाहेर, होळकरांच्या इंदुरात. दत्तात्रेय दामोदर देवळालीकर यांनी तेथील कलाशाळा १९२७ पासून उभी केली. त्यांचा भर वर्गापेक्षा बाहेर जाण्यावर होता. विद्यार्थ्यांनी गल्ल्या, बाजार, नदीचे घाट उघड्यावर बसून रंगवावेत, ऊन आणि सावलीतले रंग ओळखावेत, तपशील मागाहून, असा त्यांचा दंडक. नारायण श्रीधर बेंद्रे, दे. ज. जोशी, विष्णू चिंचाळकर ही मंडळी त्यांच्या हाताखालची. मकबूल फिदा हुसेन यांचेही काही शिक्षण तेथलेच. इंदूरच्या चित्रांतील रंगांचा ताजेपणा हा मुंबईतील प्रदर्शनांत चर्चेचा विषय झाला, यात नवल नाही. माळव्याच्या कोरड्या, स्वच्छ हवेतील सावल्या खरोखर निळ्या असतात. देवळालीकरांनी विद्यार्थ्यांना त्या पाहायला लावले, एवढेच.

तिसरी वाट नागपुरातून निघाली. सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या कलाशाळेत होते, पुढे १९४७ पर्यंत जे. जे.मध्ये. पुढे 'बिंदू'साठी ओळखले जाणारे हे चित्रकार चाळिशीच्या दशकात मुंबईच्या रस्त्यांची, पावसाची जलरंगचित्रे करीत होते. त्याच सुमारास वॉल्टर लँगहॅमर हा ऑस्ट्रियन चित्रकार नाझी राजवटीमुळे देश सोडून मुंबईस आला आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'चा कलासंचालक झाला. नेपियन सी रोडवरील त्याच्या घरी रविवारी तरुण चित्रकार जमत. तो त्यांच्यासमोर चित्र काढी, रंग सोडवून दाखवी. शुद्ध रंग न मळवता कसे वापरावेत, याचा वस्तुपाठ रझांना तेथे मिळाला. जे. जे.तही चार्ल्स जेरार्ड यांच्या कारकिर्दीत नव्या युरोपीय रंगविचाराला दार उघडले होते. १९५० साली रझा फ्रान्सला गेले, तेव्हा तेथे दृक्‌प्रत्ययवाद इतिहासजमा झाला होता. त्यांनी सेझानकडे पाहिले आणि पुढचा रस्ता धरला.

बेंद्रे यांची गोष्ट उलट आहे. १९५० पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांनी एक पिढी घडवली, १९५५ साली 'काटा' या चित्राला राष्ट्रीय पुरस्कार मिळवला, घनवादाची रचना पचवली. १९६६ नंतर मुंबईत स्थिरावल्यावर मात्र हा ज्येष्ठ चित्रकार रंगांच्या ठिपक्यांकडे वळला. जॉर्ज स्यूराने १८८६ च्या शेवटच्या प्रदर्शनात मांडलेली ही रीत. रंग फलकावर मिसळायचे नाहीत, शुद्ध ठिपके शेजारी ठेवायचे आणि मिश्रण पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायचे. स्यूराचे ठिपके शास्त्राच्या शिस्तीत चालतात आणि त्यांची माणसे पुतळ्यांसारखी थिजतात. बेंद्रे यांचे ठिपके उन्हाने तापलेल्या हवेसारखे हलतात. त्यांच्या खेड्यातल्या बायका त्या हवेत निवांत बसलेल्या असतात. इंदुरात विशीत पाहिलेले ऊन त्यांनी साठीनंतर पुन्हा रंगवले, असे म्हणण्यास हरकत नाही.

या सर्वांवर 'पाश्चात्त्यांचे अनुकरण' असा शिक्का अनेकदा मारला गेला. बंगालच्या पुनरुज्जीवनवाद्यांना तर जे. जे.चे सारेच परके वाटे. तंत्र परके होते, यात शंका नाही. नळ्या, कागद, रंगांचे सिद्धान्त बाहेरून आले. पण माळव्यातील किंवा कोटितीर्थावरील प्रकाश आयात करता येत नाही. अनुकरणाचा खरा धोका निराळ्याच ठिकाणी आहे आणि तो आजच्या हौशी निसर्गचित्रांत अधिक दिसतो. सावली जांभळी असते, हे एकदा ऐकले की ती प्रत्येक वेळी जांभळीच रंगवली जाते. पावसाळी दुपार असो, मे महिन्याचे धुरकट आकाश असो, सावलीसाठी तीच ठरलेली जांभळी नळी बाहेर येते. अकादमीच्या तपकिरी सावलीइतकीच ही जांभळी सावलीही न पाहता केलेली असते.

विटणारा लाल

चित्रातील प्रकाशाला प्रत्यक्ष प्रकाशाचीच बाधा होते, ही या विषयाची शोकात्म बाजू. दृक्‌प्रत्ययवाद्यांनी वापरलेल्या रंगांपैकी कोबाल्ट निळा आणि विरिडियन टिकाऊ ठरले. वनस्पती वा कीटकांपासून केलेले काही लाल मात्र उजेडात विटतात. रेन्वारच्या १८८३ सालच्या मादाम क्लापिसाँच्या व्यक्तिचित्राची पार्श्वभूमी आज शीतल निळी-करडी दिसते. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने चौकट काढून तपासणी केली, तेव्हा चौकटीखाली झाकलेल्या कडेला झगझगीत लाल सापडला. तो कारमाइन, म्हणजे किरमिजी किड्यापासून केलेला रंग. शंभर वर्षांच्या उजेडाने उघड्या भागातून तो पुसून टाकला होता. मूळ रूप संगणकावर पुन्हा उभे करून २०१४ साली लोकांसमोर ठेवण्यात आले, तेव्हा थंड वाटणारे चित्र चक्क उष्ण निघाले.

जलरंगांना हा धोका तैलरंगांहून अधिक असतो, कारण रंगाचा थर कागदावर अतिशय पातळ असतो आणि त्याच्यावर तेलाचे कवच नसते. कोल्हापूर, मुंबई, इंदूर येथील निसर्गचित्रणाचा मोठा भाग जलरंगातच आहे, आणि त्यातील पुष्कळशी चित्रे खासगी घरांच्या भिंतींवर, खिडकीसमोर, दमट हवेत टांगलेली आहेत. लाल आणि निळा मिसळून केलेल्या जांभळ्या सावलीतला लाल आधी जातो, निळा मागे राहतो. व्हॅन गॉगच्या शयनगृहाच्या प्रसिद्ध चित्रातील भिंती अशाच मूळच्या जांभळ्या होत्या, आज त्या निळ्या दिसतात. म्हणून ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या एखाद्या जलरंगचित्रात सावली फारच निळी वाटली, तर चित्रकाराने ती तशीच रंगवली होती असे धरून चालता येत नाही. चौकटीच्या काठाखाली दडलेली एखादी अरुंद पट्टी त्या सावलीचा पहिला रंग अजून जपून असण्याची शक्यता असते, आणि जाणकार संवर्धक तपासणीची सुरुवात तेथूनच करतात.